हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

होस्टेलमध्ये राहिलेल्या माणसाला ‘पॅरासाइट’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. खोली ज्याच्या नावावर नाही, पण जो त्या खोलीत राहतो, झोपतो, कपडे वाळत घालतो, तो पॅरासाइट. लाडाने ‘पॅरा’. त्या नावाचा कोरियन सिनेमा २०१९ साली आला, पण पुण्यातल्या होस्टेलांत हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेला आहे. मराठीत त्याला बांडगूळ म्हणता येईल, पण ते कुणी म्हणत नाही, कारण ते लगेच लागतं. ‘हा माझा पॅरा’ अशी ओळख करून देताना उलट थोडा अभिमान असतो. आपण कुणाला तरी सांभाळतोय, असा.

२०१४-१५ला मी पॅरा होतो. २०१५-१६ला मी पॅरा ठेवला. या दोन वर्षांचा हिशेब मला अजून लागत नाही, म्हणून हे लिहितोय.

मी लातूर जिल्ह्यातला, औशाकडचा. एम. ए.ला पुण्यात प्रवेश मिळाला, पण होस्टेलच्या यादीत नाव वेटिंगला, तेविसावं. यादी सतरापर्यंत सरकली आणि थांबली. पेठेत कॉट बेसिसवर चौकशी केली तर महिन्याला दोन हजार, डिपॉझिट वेगळं, मेस वेगळी. घरून महिन्याला तीन हजार येणार होते, तेही ज्या महिन्यात येतील त्या महिन्यात. आमच्या तालुक्यातला एक जण तिथे दुसऱ्या वर्षाला होता. सगळे त्याला दादा म्हणायचे, मग मीही म्हणू लागलो. नोटीस बोर्डासमोर त्याने माझी बॅग उचलली आणि म्हणाला, “चल. एका कॉटवर दोघं मावतात.”

मावतात खरे. एकाचं डोकं खिडकीकडे, दुसऱ्याचं दाराकडे. एक डबा दोघांत, वर दोन चपात्या जास्तीच्या. सोलरचं गरम पाणी सकाळी सहापर्यंत संपायचं, म्हणून पहाटे साडेचारचा अलार्म. चेकिंग रात्री एक-दीडला व्हायचं. रेक्टर, वॉचमन मामा आणि हातात रजिस्टर. तळमजल्यावरचं पहिलं दार वाजलं की वरच्या मजल्यांवर मिस कॉल सुटायचे आणि आम्ही गादी गुंडाळून गच्चीवर, टाकीच्या मागे. एका रात्री तिथे आम्ही चौदा जण होतो. त्यातला एक एमपीएससीवाला मोबाइलच्या उजेडात राज्यघटना वाचत बसला होता. कुणीतरी विचारलं, कुठपर्यंत आलास? तो म्हणाला, मूलभूत हक्क. त्या थंडीत चौदा जण तोंडावर हात ठेवून हसलो.

ते वर्ष मी दादाच्या जिवावर काढलं. त्याच्या अर्ध्या कॉटवर माझी पदवी उभी आहे, आणि हे मी कुठेही सांगतो.

दुसऱ्या वर्षी मार्कांवर मला खोली मिळाली. दहा बाय बाराची, दोन कॉट, दोन टेबलं, भिंतीतलं एक कपाट मधोमध फळी मारून दोघांत वाटलेलं. रूमपार्टनर नंदुरबारकडचा, नवापूरच्या पुढच्या एका गावातला. एम. एस्सी., स्टॅटिस्टिक्स, पहिलं वर्ष. घरातला कॉलेजात पोचलेला पहिलाच. बोलायचा कमी. मला ‘दादा’ म्हणायचा. हा तपशील मला तेव्हा महत्त्वाचा वाटला नव्हता.

ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या गावातला एक पोरगा आला. दुसऱ्या एका कॉलेजात शिकणारा, तिथल्या होस्टेलच्या वेटिंग लिस्टवर अडकलेला. त्या वर्षी मराठवाड्यात पावसाने पाठ फिरवलेली होती आणि त्याच्या घरून पैसे येणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. मी त्याची बॅग उचलली. दादाने माझी उचलली होती तशीच. खोलीत येऊन रूमपार्टनरला म्हणालो, “हा आठ दिवस राहील.”

तो म्हणाला, “बरं दादा.”

आठ दिवसांचे सहा महिने झाले. दिवाळीनंतर पूर्वपरीक्षेच्या तयारीसाठी आणखी एक जण आला. दहा बाय बारात चार माणसं, दोन कॉटच्या मध्ये दोन गाद्या. रात्री उठायचं तर कुणाच्या तरी अंगावरून. आम्ही तिघं लातूरकडचे, गप्पा आमच्याच, हसणं आमचंच. रूमपार्टनर हळूहळू खोलीबाहेर सरकत गेला. आधी कॉरिडॉरच्या ट्यूबलाइटखाली खुर्ची टाकून बसायचा. मग रीडिंग हॉलमध्ये. मग तिथेच बाकावर झोपायला लागला. आम्हाला वाटायचं, काय अभ्यासू पोरगा आहे! हे मी उपरोधाने लिहीत नाही, खरंच तसं वाटायचं. पहिल्या सेमिस्टरला त्याचा एक विषय राहिला.

फेब्रुवारीत त्याने रेक्टरकडे लेखी अर्ज दिला. त्या रात्री चेकिंग सरळ आमच्याच खोलीवर आलं, मिस कॉलला वेळच मिळाला नाही. दहा मिनिटांत दोन बॅगा जिन्याखाली. मला दंड आणि ताकीद. आणि रूमपार्टनरला त्याच्या पुढे काय? ‘खबऱ्या.’ मेसमध्ये तो बसला की त्या टेबलावरची पोरं ताट उचलून दुसरीकडे जायची. बाहेर वाळत घातलेली त्याची चादर दोनदा गायब झाली. यातलं मी काहीच केलं नाही. मी फक्त त्याच्याशी बोलणं बंद केलं, आणि मी सीनियर असल्यामुळे मजल्याला तेवढा इशारा पुरेसा होता. मे महिन्यात खोली सोडेपर्यंत आम्ही एकमेकांपासून चार फुटांवर झोपलो, एकही शब्द न बोलता.

जो पोरगा बाहेर गेला, त्याने काही दिवस मित्रांकडे काढले, मग गावी परतला आणि त्याचं ते वर्ष बुडालं. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जायला लागलं तेव्हा त्याचा फोन आला होता. म्हणाला, “भाऊ, इथं पाण्यालासुद्धा गाडीत जागा मिळाली.” पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, नारायण पेठेत एका खोलीत पाच जण राहिले, शिकला. त्याचं माझ्याशी अजूनही चांगलं आहे. त्याच्यासमोर मला अवघडल्यासारखं होत नाही. अवघडतो तो नंदुरबारवाल्याच्या आठवणीने.

बरीच वर्षं मी स्वतःला एकच वाक्य ऐकवत आलो: जागा मनात असावी लागते. आपल्याकडे हे वाक्य प्रत्येक घरात म्हटलं जातं, बहुतेक वेळा लग्नाच्या आदल्या रात्री, सगळ्या पाहुण्यांना हॉलमध्ये झोपवताना. त्यात खोटं काही नाही. पण मी ज्या खोलीत माझं मन मोठं केलं, ती खोली अर्धीच माझी होती. मी पाहुण्याला माझी कॉट दिली नव्हती. मी वरच झोपायचो. मी त्याला दिली होती ती दोन कॉटमधली मोकळी जमीन, रूमपार्टनरची शांतता आणि त्याची झोप. दादाने निदान स्वतःची अर्धी कॉट दिली होती. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतात ते हेच, फक्त माझ्या बाबतीत तो हलवाई नंदुरबारचा होता आणि त्याने ‘बरं दादा’ म्हटलं होतं.

या ‘बरं’ला संमती म्हणावं का? विचारलं तर होतंच ना, असं मी स्वतःशी खूप वेळा भांडलोय. पण विचारलं कुठे? सांगितलं होतं. आणि विचारलं असतं तरी, पहिल्या वर्षाचा, घरातला पहिलाच शिकणारा, मजल्यावर स्वतःच्या भागातलं एकही माणूस नसलेला पोरगा आपल्या सीनियरला तोंडावर ‘नको’ म्हणेल, ही अपेक्षा कुणी ठेवावी? ज्याला ‘नाही’ म्हणायची सोय नाही, त्याचा होकार नेमका कशाला दिलेला असतो? त्याला ‘नाही’ म्हणायला एकच जागा उरली होती, रेक्टरचं ऑफिस. सहा महिने थांबून तो तिथे गेला, आणि आम्ही त्याला चुगलखोर ठरवलं.

गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७४ साली एक रूपक मांडलं होतं. समुद्रात एक होडी आहे. आत पन्नास माणसं, फार तर आणखी दहांची जागा. पाण्यात शंभर जण पोहताहेत. सगळ्यांना घेतलं तर होडी बुडते. दहांना घेतलं तर कुठले दहा? म्हणून हार्डिनचं म्हणणं, कुणालाच घेऊ नका. आणि ज्याला आत बसल्याचं अपराधी वाटतं, त्याने खुशाल उतरून आपली जागा दुसऱ्याला द्यावी. गरीब देशांना मदत करू नये, हे सांगण्यासाठी त्याने हे सगळं रचलं होतं. तो निष्कर्ष मला तेव्हाही निर्दय वाटला, आजही वाटतो. होडी एवढी लहान कुणी बांधली आणि मोठी होडी कुणाच्या ताब्यात आहे, हे त्या रूपकात कुणी विचारतच नाही. होस्टेलच्या कॉट आकाशातून मोजून पडत नाहीत. कुणीतरी ठरवलेलं असतं की कॉलेजात इतके प्रवेश द्यायचे आणि कॉट तितक्या बांधायच्या नाहीत.

हा मुद्दा आम्ही तेव्हाही जोरात मांडायचो. चहाच्या टपरीवर आमचं ठरलेलं वाक्य होतं: सरकारने होस्टेल बांधावं, मग पॅरा राहणार नाहीत. अगदी खरं. फक्त आमचा रूमपार्टनर सरकार नव्हता. सरकारकडून जे यायला हवं होतं ते आम्ही सगळ्यात जवळच्या, सगळ्यात गप्प बसणाऱ्या माणसाकडून वसूल केलं. शिवाय हार्डिनचं ते शेवटचं टोचणारं वाक्य आहेच. अपराधी वाटत होतं तर उतरायचं. मी उतरलो नाही. मी शेजाऱ्याला थोडं सरकायला लावलं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. आमच्या होस्टेलमध्ये नावावर असलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त पोरं राहत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रेक्टरला, मामांना, संडासासमोरच्या सकाळच्या रांगेला. पण कागदावर प्रत्येक खोलीत दोनच. म्हणजे टंचाई आम्ही आमच्या गाद्यांखाली झाकत होतो. वर्षातून चार-दोन वेळा चेकिंग करायचं आणि बाकीचे दिवस डोळेझाक, हे व्यवस्थापनाच्या सोयीचंच होतं. वेटिंग लिस्टवरचे पोरगे कुठेतरी ‘ॲडजस्ट’ झाले की नवी इमारत मागायला मोर्चा कोण काढणार? २०१६-१७पासून राज्य सरकारने स्वाधार योजना आणली. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांना राहण्या-जेवण्याचे पैसे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये. ते खात्यात कधी येतात, हा वेगळा विषय. पण ही योजना म्हणजे कॉट कमी पडतात याची लेखी कबुली आहे, आणि त्यासाठी अर्ज करायचा तर ‘मला जागा मिळाली नाही’ असं कागदावर म्हणावं लागतं. पॅरा तेच तर कधी म्हणत नाही. तो गच्चीवर टाकीमागे असतो.

आणि पॅरा होता कुणाला येतं? ज्याची ओळख आहे त्याला. मी तेविसावा होतो, मला दादा भेटला. चोविसाव्या नंबरवर कोण होतं? मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही. त्याच्या तालुक्यातलं पुण्यात कुणी नसेल तर तो परत गेला असणार. आमच्या मजल्यावरचे पॅरा मोजले तर ते लातूर, बीड, उस्मानाबाद आणि सोलापूरचे निघाले असते, कारण मजल्यावर आमचीच गर्दी होती. आडनावं तपासली असती तर आणखी काही दिसलं असतं, पण ती आम्ही तपासली नाहीत. नोटीस बोर्डावरची यादी कोरडी असते, तिला कुणाची दया येत नाही, खरं आहे. पण नवापूरच्या पोराला त्या मजल्यावर आणलं ते त्या कोरड्या यादीनेच. आमच्या माणुसकीने त्याला कधीच आणलं नसतं.

वसतिगृहांच्या बाबतीत ओळख काय करते, हे कोल्हापुरात शंभरावर वर्षांपूर्वी दिसून गेलं आहे. १८९६ साली राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह निघालं, ते प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांनीच भरलं. दार सगळ्यांना उघडं होतं, पण दारात उभे असलेले लोक एकाच ओळखीतले होते. मग शाहू महाराजांनी १९०१पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली. व्हिक्टोरिया मराठा, जैन, मुस्लिम आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. आता, हा उपायही ओळखीचाच, असं कुणी म्हणेल. ज्यांची ओळख कुठेच चालत नव्हती त्यांना एक दार मिळालं, एवढा फरक त्यात होता.

याच मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जैन बोर्डिंगमधला एक मुलगा गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितलं, त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. तो मुलगा भाऊराव पाटील. त्याला ठेवून घेतलं शाहू महाराजांनी, आपल्या राजवाड्यात. म्हणजे कर्मवीरसुद्धा काही काळ पॅराच म्हणायचे! पण वाडा महाराजांचा स्वतःचा होता. पुढे भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग काढलं. तिथे एकदा दाणागोटा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र काढून दिलं, ही गोष्ट रयतच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. मीही ऐकली, दरवर्षी जयंतीला. तेव्हा लक्षात राहिला तो त्याग. आता वाटतं, त्यातलं मुख्य हे की मंगळसूत्र त्यांचं होतं. शेजारणीचं काढून नेलं असतं तरी मुलं जेवली असतीच की.

इथपर्यंत आलं की मला बरं वाटायला लागतं. चुकलो, कळलं, कबूल केलं. पण मग दादाचं वर्ष आडवं येतं. कारण या सगळ्या तर्काने मी पुण्यात राहायलाच नको होतं. दादाच्या खोलीतही दुसरी कॉट होती. त्यावर त्याचा रूमपार्टनर होता, माझ्याच बॅचचा, कोकणातला, कायम हसतमुख. त्याने अर्ज दिला असता तर मी औशाला परत. दादाची अर्धी कॉट दादाची होती, पण खोलीतला उजेड, हवा, पहाटेची झोप? ती कुणाची? माझ्या मनात त्या खोलीचं जे सोनेरी चित्र होतं, त्यात हा कोकणातला भाऊ आनंदाने सामील होता. मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत विचारलं. शुभेच्छांचा फोन झाला, मुलांची चौकशी झाली, मग म्हटलं, “मी वर्षभर तुमच्या खोलीत राहिलो, तुला त्रास झाला का रे?”

तो जोरात हसला. म्हणाला, “तुझा तो साडेचारचा अलार्म! तू कधी उठला नाहीस पहिल्या झटक्यात. मी उठायचो. वर्षभर.”

मी म्हटलं, “मग बोलला का नाहीस?”

“कुणाला बोलणार? दादा सीनियर होता.” मग थोडं थांबून म्हणाला, “आणि तू जाणार कुठे होतास?”

या दोन वाक्यांपैकी पहिलं खरं की दुसरं, हे मी फोन ठेवल्यापासून ठरवतोय. दोन्ही एका दमात आली होती. पहिल्या वाक्यात तो अगदी नंदुरबारवाला आहे. दुसऱ्यात तो असा माणूस आहे, ज्याने स्वतःचं काहीतरी मला दिलं, आणि दहा वर्षं त्याचे आभार दादाला जात राहिले. नंदुरबारवाल्याच्या मनातही हे दुसरं वाक्य सहा महिने असेल का? ‘हा जाणार कुठे?’ म्हणूनच तो ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत थांबला असेल? तसं असेल तर त्या खोलीत उदार माणूस एकच होता, आणि त्याच्याच टेबलावरून आम्ही ताटं उचलली.

त्याचा नंबर माझ्याकडे नाही. होस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये त्याला कुणी घेतलेलंच नाही.

यंदा माझ्या मामेभावाला पुण्यात होस्टेल मिळालं. पहिल्याच यादीत नाव. मामीने पेढे वाटले. परवा रात्री त्याचा फोन आला. त्याच्या वर्गातल्या एका मित्राला जागा मिळालेली नाही, पोरगा चांगला आहे, घरची परिस्थिती नाही, तर थोडे दिवस त्याला खोलीत ठेवून घेतलं आहे. पकडलं तर दंड किती बसतो, एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं.

मी विचारलं, “रूमपार्टनर काय म्हणतो?”

“तो? तो काही म्हणत नाही, दादा. लय शांत पोरगा आहे.”

“त्याच्याकडे फोन दे जरा.”

“आत्ता नाहीये तो. रीडिंग हॉलला गेलाय.”

मी घड्याळ बघितलं. पावणेबारा वाजले होते.